मैफलीत शेजारचे श्रोते सतत गुणगुणत असतील तर त्यांना कसे सांगावे?

सहाव्या रांगेतून (शुक्रवार, रात्री ११.४०)

सर्वांना नमस्कार. तीन दिवसांच्या एका संगीत महोत्सवाचे पहिले सत्र ऐकून आत्ताच घरी पोहोचले आहे. झोप येत नाही, आणि उद्या दुपारपर्यंत मला काहीतरी ठरवायचे आहे, म्हणून लगेच लिहायला बसले.

मी तिन्ही दिवसांचे एकत्रित तिकीट काढले आहे. खुर्च्यांना क्रमांक आहेत, त्यामुळे उद्या आणि परवाही माझी जागा तीच आणि शेजारीही तेच. माझ्या डाव्या हाताला सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ बसतात. त्यांच्या वागण्यात उद्धटपणा तसूभरही नाही. मी आले तेव्हा त्यांनी आपली पिशवी उचलून मला जागा करून दिली, आणि दोन-चार वाक्यांतच त्यांचा गाण्याचा अभ्यास चांगला आहे हे लक्षात आले. मात्र गाणे सुरू होताच ते गुणगुणू लागले आणि मधल्या चहापानाची वेळ सोडली तर रात्री दहापर्यंत गुणगुणत राहिले.

नेमके काय झाले ते सांगते. दुसऱ्या गायिकेने पुरिया राग मांडला. पुरियात पंचम (प) नाही, त्यामुळे तानपुरे निषादावर (नी) लावलेले होते आणि तो निषाद मंडपात भरून राहिला होता. बंदिश सुरू होण्यापूर्वीच्या आलापीत ती मंद्र सप्तकात हळूहळू उतरली आणि निषादावर येऊन थांबली. षड्ज, म्हणजे गाणे ज्यावर येऊन टेकते तो 'सा', अगदी समोर होता, पण ती तो लावत नव्हती. कोमल ऋषभाला (रे) स्पर्श करून ती पुन्हा निषादावर यायची, पुन्हा थांबायची. जवळजवळ मिनिटभर तिने सगळ्यांना त्या एका स्वराची वाट पाहायला लावली. मी श्वास रोखून बसले होते, आणि तेवढ्यात माझ्या डाव्या कानाशी षड्ज लागला. शेजारच्या गृहस्थांनी तो गुणगुणला होता. सुरेल होता, यात शंका नाही. काही क्षणांनी गायिका षड्जावर आली, मंडपात वाहवा उमटली, पण माझ्यापुरती ती जागा आधीच होऊन गेली होती.

मी दोनदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. दोन्ही वेळा त्यांनी प्रसन्नपणे हसून मान डोलावली. मी दाद वाटून घेण्यासाठी पाहते आहे असेच त्यांना वाटले असावे. बाकी नेहमीचे त्रासही होतेच: पुढच्या रांगेतला मुलगा अर्धा तास मोबाइल डोक्याच्या वर धरून चित्रीकरण करत होता आणि मागे कुणीतरी वेफर्सचे पाकीट थांबून थांबून उघडत होते. त्यांचे मी मनावर घेत नाही. पण कानाशी चाललेले गुणगुणणे मला बाजूला सारता येत नाही.

वडिलांच्या वयाच्या माणसाला भर मैफलीत गप्प बसायला सांगणे माझ्याने होणार नाही. काही न बोलता आणखी दोन दिवस बसणेही होणार नाही. अनुभवी श्रोत्यांनी सांगावे: अशा वेळी कधी बोलावे, काय बोलावे, की आयोजकांकडे जाऊन जागा बदलून मागावी?

जवारी (शनिवार, सकाळी ७.१०)

आपला त्रास पुरेपूर समजला. मी चाळीस वर्षे मैफली ऐकतो आहे आणि पुरियातला तो षड्ज कुणी आधी लावून टाकला तर काय वाटते हे मला वेगळे सांगायला नको.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ती मनात स्पष्ट असली की बोलताना संकोच कमी होतो. आपल्याकडचा श्रोता गप्प बसणारा श्रोता कधीच नव्हता. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात जो महोत्सव सुरू केला, त्याची सत्रे रात्र-रात्र चालत असत तेव्हाही मी भारतीय बैठकीवर सतरंजी अंथरून बसलो आहे. तिथे दाद अशी उठायची की गाणाऱ्याला पुढची जागा सुचावी. एखादा उद्गार, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडलेली मान, उचललेला हात, हे सगळे मैफलीचेच अंग आहे, आणि ते नसेल तर कलाकाराला भिंतीसमोर गायल्यासारखे वाटते. यावरून आपण तक्रार करता आहात म्हणजे आपल्याला मैफलीची रीत ठाऊक नाही, असे कुणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये.

दाद आणि गुणगुणणे यांतला फरक वेळेचा आहे. दाद जागा होऊन गेल्यानंतर येते. गुणगुणणे जागेच्या बरोबर येते, किंवा आपल्या बाबतीत झाले तसे, जागेच्या आधी येते. दाद देणारा माणूस गायकाला उत्तर देत असतो, आणि गुणगुणणारा गायकाच्या वाटेत उभा राहतो. गुडघ्यावर थाप मारून ताल धरणाऱ्यांचेही तेच. हाताने, बोटांच्या पेरांवर मोजून ताल धरायला कुणाची हरकत नसते, थापेचा आवाज आला की ती शेजाऱ्याची अडचण होते.

आता कधी बोलावे याविषयी. गाणे चालू असताना अजिबात बोलू नये. 'श्श' असा आवाजही करू नये, कारण त्या 'श' मधला तीक्ष्ण नाद गुणगुणण्यापेक्षा लांब जातो आणि चार रांगांमधली माणसे वळून पाहतात. त्यात त्या गृहस्थांचा अपमान होईल आणि मग पुढचे दोन दिवस आपल्यालाच तिथे अवघडून बसावे लागेल. रागाने बघण्याचाही उपयोग होत नाही, हे आपण अनुभवलेच आहे. तानपुरे जुळवले जात असताना बोलावे असे काही जण सुचवतील, पण ती वेळही ऐकण्याचीच आहे. आज सत्र सुरू होण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे आणि ते एकटे असताना बोलावे.

काय बोलावे हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. नियम सांगू नये, शिष्टाचार सांगू नये, 'सगळ्यांना त्रास होतो' असे तर मुळीच म्हणू नये, कारण सगळ्यांच्या वतीने बोलले की ऐकणारा माणूस सगळ्यांसमोर उभा केल्यासारखा होतो. फक्त आपल्यापुरते बोलावे. "काका, काल आपण गुणगुणत होता तेव्हा मला मंचावरचे नीट ऐकू येत नव्हते. आज तेवढे सांभाळून घ्याल का?" एवढे पुरते. मी आजवर असे पाच-सहा वेळा बोललो असेन. त्यांतल्या एकानेच मला उलट उत्तर दिले, आणि तोही नंतर गप्प बसला.

तानपुऱ्यामागून (शनिवार, सकाळी ८.३५)

मी गाणे शिकते आहे आणि गेली सहा वर्षे माझ्या गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसते. त्यामुळे मैफलीतले श्रोते मी बहुतेक वेळा समोरून पाहिले आहेत. ती बाजू इथे सांगावीशी वाटते.

मंचावर दिव्यांचा झोत असतो, त्यामुळे पहिल्या दोन-तीन रांगांपलीकडचे चेहरे आम्हाला दिसत नाहीत. दिसतात ते मोबाइलचे पडदे, कारण अंधारात तेवढेच उजळलेले असतात. कुणी उठून चालू लागले तर त्याची आकृती दिसते. आवाजांपैकी मंडपातला साधा गलबला ध्वनिक्षेपकामुळे मंचापर्यंत फारसा पोहोचत नाही, पण पुढच्या रांगेतली गुडघ्यावरची थाप पोहोचते. एकदा विलंबित एकताल चालू होता. बारा मात्रांचे एक आवर्तन पूर्ण व्हायला जवळजवळ एक मिनिट लागावे इतकी ती लय संथ होती. समोर बसलेले एक जाणकार मात्रेच्या मधल्या जागाही मोजत मांडीवर थाप देत होते, आणि त्यांची लय केसभर पुढे सरकत होती. दोन आवर्तनांनंतर तबलावादकांनी आपली मान वळवून पूर्णपणे गुरूंकडे केली आणि समोर पाहणे बंद केले. गुरूंनी डोळे मिटले ते मध्यलय सुरू होईपर्यंत उघडले नाहीत. त्या गृहस्थांना हे काही कळले नाही. गाणे संपल्यावर ते मंचाजवळ आले आणि मनापासून नमस्कार करून गेले.

हे सांगायचे कारण असे की आपल्या शेजारच्या काकांनाही बहुधा काहीच माहीत नाही. भोवतालचा आवाज मोठा असला की माणूस नकळत आपला आवाजही चढवतो आणि तरीही स्वतःचा आवाज त्याला पुरता ऐकू येत नाही. मोठ्या ध्वनिक्षेपकांसमोर बसलेल्या माणसाला आपण मनात गातो आहोत असे वाटत असते. ज्यांनी कधीकाळी गाणे शिकलेले असते त्यांच्या बाबतीत हे जास्त होते, कारण ऐकताना त्यांचा गळा आपोआप हलतो. मी स्वतः मंचावर बसून गुरूंच्या मागे आवाज देते, तरी श्रोत्यांत बसले की ओठ घट्ट मिटून ठेवावे लागतात.

'जवारी' यांनी तानपुऱ्यांविषयी जे लिहिले त्याबद्दल त्यांचे आभार. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशातील निर्वासितांसाठी झालेल्या कार्यक्रमात पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ वाद्ये जुळवत होते, आणि ते थांबताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुळवणे एवढे आवडले असेल तर वादन अधिक आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकरांनी त्यांना सांगितले, हा प्रसंग प्रसिद्ध आहे. त्यात तिथल्या श्रोत्यांचे अज्ञान दिसते हे खरे, पण ते जुळवणे ते शांतपणे ऐकत तरी होते. आपल्याकडे त्याच वेळी माणसे घरची चौकशी करून घेतात. पुरियासाठी निषाद लावताना तानपुऱ्याच्या जवारीवरचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवरचा, दोरा किती बारीक सरकवावा लागतो आणि त्या वेळी शांतता किती हवी असते, हे मला रोज जाणवते. किशोरीताई आमोणकर श्रोत्यांच्या शांततेविषयी किती आग्रही होत्या हे सर्वांना ठाऊक आहे. काहींना तो त्यांचा हेकेखोरपणा वाटत असे. तानपुऱ्यामागे बसायला लागल्यापासून मला तो आग्रह रास्त वाटतो.

स्वयंसेवकाचा बिल्ला (शनिवार, सकाळी १०.०५)

जागा बदलून मागण्याविषयी विचारले आहे, म्हणून लिहितो. मी वेगवेगळ्या संगीत सभांत अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आहे. क्रमांकित आसने असली तर स्वयंसेवकाला जागा बदलून देण्याचा अधिकार सहसा नसतो, आणि मोकळी दिसणारी खुर्ची उशिरा येणाऱ्या कुणाची तरी असते. मात्र शेजाऱ्याशी बोलणे आपल्याला अवघड वाटत असेल तर ते काम आम्ही करू शकतो, आणि आम्ही केले की कटुता आपल्या वाट्याला येत नाही. त्यासाठी मध्यंतरात रांगेच्या टोकाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला आसनक्रमांक सांगावा. गाणे चालू असताना आम्हाला हाका मारू नयेत. आम्ही रांगेत शिरलो की दहा माणसांना पाय आवरून घ्यावे लागतात आणि एका गुणगुणण्यापेक्षा मोठा व्यत्यय होतो.

चित्रीकरणाविषयी लोकांचे दोन टोकांचे समज दिसतात. एक समज असा की तिकीट काढले म्हणजे चित्रीकरण करता येते, आणि दुसरा असा की मोबाइल दिसला की आम्ही तो काढून घ्यावा. मोबाइल काढून घेण्याचा अधिकार आम्हाला नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली कलाकाराच्या सादरीकरणाचे हक्क मान्य झाले. त्यानुसार स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेले ध्वनिमुद्रण वा चित्रीकरण त्या हक्कांचा भंग मानले जात नाही, पण तेच कलाकाराच्या संमतीवाचून इंटरनेटवर चढवले तर प्रश्न निर्माण होतो. शिवाय आयोजकांनी तिकिटावर मनाई छापली असेल तर ती पाळावीच लागते. आम्ही मागून जाऊन खांद्याला हळूच स्पर्श करतो आणि मोबाइल छातीच्या खाली घ्यायला सांगतो. दहांपैकी आठ जण लगेच ऐकतात.

मोबाइलविषयी आणखी एक सूचना प्रत्येकाने लक्षात ठेवावी. मोबाइल मूक करून ठेवला तरी गजर वाजतो. १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकचा वाद्यवृंद एका सिंफनीच्या शेवटच्या, अतिशय हळुवार भागात असताना पहिल्या रांगेतल्या एका श्रोत्याचा फोन वाजू लागला आणि थांबेना. संचालक अ‍ॅलन गिल्बर्ट यांनी सगळा वाद्यवृंद थांबवला. त्या श्रोत्याचा फोन नवा होता, त्याने तो मूक केलेला होता, आणि आपण लावलेला नसलेला गजर वाजतो आहे हे त्याच्या लक्षातच येत नव्हते. आमच्याकडेही दर वर्षी संध्याकाळी सात किंवा आठ वाजता औषधाचे गजर वाजतात. ज्येष्ठ मंडळींना आम्ही दारातच विचारतो की औषधाचा गजर लावला आहे का.

आता मला सर्वात जास्त खुपणारी गोष्ट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते. ही सवलत ज्या दिवशी नसते त्या दिवशी ज्येष्ठ कलाकार नऊच्या सुमारास मंचावर येतो आणि घड्याळाकडे पाहत गातो. दहाला दहा मिनिटे कमी असताना तो भैरवी सुरू करतो, आणि नेमकी तेव्हाच माणसे गाडी लवकर बाहेर काढता यावी म्हणून उठू लागतात. लोखंडी खुर्च्या सरकवल्याचा आवाज एकदा सुरू झाला की तो थांबत नाही. मी दारापाशी उभा असतो आणि मंचाकडे पाठ करून जाणारी माणसे मला समोरून दिसतात. त्यांच्यात दिवसभर मनापासून दाद देणारेही असतात. ज्याने आपल्यासाठी दीड तासाचे गाणे घाईत बसवले, त्याची सहा मिनिटांची भैरवी आपण बसून ऐकू शकत नाही, याचे मला फार वाईट वाटते. ज्यांना खरोखरच शेवटची बस किंवा लोकल गाठायची असते त्यांनी भैरवी सुरू होण्यापूर्वी, टाळ्या वाजत असताना उठावे.

थेम्सकाठी (शनिवार, दुपारी १२.२०)

मी लंडनमध्ये राहतो आणि इथल्या प्रॉम्स या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला दरवर्षी उन्हाळ्यात जातो. इथे वाद्यवृंद चालू असताना खोकला आला तरी माणसे तोंडावर रुमाल धरून कानकोंडी होतात. पण ही शिस्त अगदी सुरुवातीपासून अशीच होती असे नाही. १८९५ साली हेन्री वुड यांच्या संचालनाखाली हा महोत्सव सुरू झाला तेव्हा तिकीट स्वस्त होते, श्रोते उभे राहून ऐकत, आणि खाण्यापिण्याला व धूम्रपानालाही मुभा होती. फक्त गायन चालू असताना काडेपेटीची काडी ओढू नये, अशी विनंती केलेली असे. ही विनंती मला फार समंजस वाटते. लोकांना हाकलून द्यायचे नाही, पण काडी ओढल्याचा आवाज गाण्यावर पडतो, तेवढा टाळावा.

कडक शांततेची दुसरी बाजूही मी इथे पाहिली आहे. रचनेच्या दोन भागांच्या मध्ये एखाद्या नवख्याने टाळी वाजवली की आजूबाजूचे त्याच्याकडे अशा नजरेने पाहतात की तो पुन्हा येईल की नाही शंका वाटते. माझ्या मित्राच्या बाबतीत हे घडले आणि तो परत आला नाही. म्हणून 'जवारी' म्हणतात तसे स्वतःपुरते आणि सौम्यपणे बोलणेच मला पटते.

बाबांसोबत (शनिवार, दुपारी १.०५)

मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो, कारण मैफलीत ज्यांच्याकडे लोक वळून पाहतात त्यांच्या शेजारी मी बसतो.

माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे आहेत आणि दोन्ही कानांना यंत्रे लावतात. गाणे हा त्यांचा जीव आहे. दोन वर्षांपूर्वी एका सभागृहात आम्ही बसलो असताना पुढच्या मागच्या रांगांतली माणसे सारखी आमच्याकडे पाहू लागली. मला कारण कळेना. मग एका बाईंनी वाकून मला सांगितले की यांच्या कानातून शिट्टी येते आहे. यंत्र कानात नीट बसलेले नसले की त्यातून बारीक, तीव्र शिट्टी वाजते, आणि ज्याच्या कानात ते असते त्यालाच ती ऐकू येत नाही, कारण नेमके तेच उंच स्वर ऐकण्याची त्याची शक्ती गेलेली असते. मलाही ती गाण्याच्या आवाजात वेगळी कळली नव्हती. मी त्यांच्या कानातले यंत्र हलके दाबून बसवले आणि शिट्टी थांबली. त्या बाई वीस मिनिटे रागाने पाहत बसल्या असत्या तर आम्ही वीस मिनिटे तसेच बसलो असतो.

दुसरी अडचण अशी की बाबा "कोणता राग?" असे विचारतात आणि त्यांना वाटते की आपण हळूच विचारले, पण ते चार खुर्च्यांपर्यंत ऐकू जाते. मी त्यावर एक उपाय काढला आहे. छोट्या वहीत जाड पेनाने रागाचे आणि तालाचे नाव लिहून मी ती त्यांच्या मांडीवर ठेवतो. राग लगेच ओळखता आला नाही तर प्रश्नचिन्ह काढतो, मग तेही थांबतात. मंच दिसेल पण मागे-पुढे कमी माणसे असतील अशी कडेची जागा घेतो.

तेव्हा काकांशी बोलाल तेव्हा त्यांना ऐकू कितपत येते हेही पाहावे. ऐकू कमी येत असेल तर मंडपाच्या गोंगाटात सांगितलेले त्यांना अर्धवटच कळेल आणि गैरसमज होईल. समोर उभे राहून, चेहरा दिसेल असे बोलावे.

जवारी (शनिवार, दुपारी १.३०)

'बाबांसोबत' यांनी लिहिलेले वाचून माझ्या एका जुन्या प्रसंगाची आठवण झाली आणि मन अस्वस्थ झाले. मी एकदा अशाच शिट्टीबद्दल मागे वळून रागाने पाहिले होते. ते कानाचे यंत्र असेल हे माझ्या डोक्यातच आले नाही. वहीचा उपाय फार चांगला आहे. तो मी आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांना आजच सांगतो.

सहाव्या रांगेतून (रविवार, सकाळी ९.२०)

सर्वांचे मनापासून आभार. काल जे झाले ते सांगते.

मी सत्राच्या वीस मिनिटे आधी पोहोचले. काका आधीच येऊन बसले होते आणि कार्यक्रमपत्रिका वाचत होते. 'बाबांसोबत' यांनी सुचवल्याप्रमाणे मी शेजारी न बसता पुढच्या रिकाम्या खुर्चीपाशी, त्यांच्या समोर उभी राहिले आणि 'जवारी' यांनी दिलेले वाक्य जवळपास जसेच्या तसे म्हटले. माझा आवाज थोडा कापत होता. त्यांनी पत्रिका खाली ठेवली आणि विचारले, "मी काल गात होतो?" त्यांना खरोखर माहीत नव्हते. मी त्यांना पुरियातला षड्ज सांगितला. त्यांचा चेहरा उतरला आणि ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की त्या जागेला आपल्याला भरून आले होते, पण तोंडातून आवाज निघाला हे कळले नाही. तरुणपणी ते अकरा वर्षे गाणे शिकले होते, पुढे नोकरीत बदल्या होत गेल्या आणि शिकणे सुटले. घरी त्यांच्या पत्नी त्यांना सांगत असत की तुम्ही झोपेतही आलाप करता. त्या आता नाहीत, त्यामुळे सांगणारे कुणी उरलेले नाही.

मला स्वयंसेवकाला न सांगता स्वतः बोलल्याचे समाधान वाटले. तेच पुढे म्हणाले, "मी विसरेन. तुम्ही माझ्या हाताला खूण करा."

काल मला दोनदा खूण करावी लागली. पहिल्यांदा बागेश्रीच्या बडा ख्यालात, मध्यम लागताना; मी त्यांच्या मनगटाला बोट लावले आणि ते त्याच क्षणी थांबले. दुसऱ्यांदा सतारीच्या 'झाल्यात', म्हणजे शेवटच्या द्रुत भागात, ते खुर्चीच्या हातावर बोटे आपटत होते. त्यानंतर त्यांनी दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले आणि पेरांवर ताल मोजू लागले. मीही त्यांच्या बोटांकडे पाहून झपतालाच्या मात्रा मोजल्या. पुढे मोबाइल धरणारा मुलगा कालही होता. त्याला काकांनीच वाकून सांगितले आणि त्याने तो खाली घेतला.

भैरवी सुरू झाली तेव्हा आमच्या रांगेतली सहा माणसे उठली. काकांनी त्यांना वाट करून दिली आणि पुन्हा बसले. आम्ही दोघे शेवटपर्यंत ऐकून मगच उठलो. आज शेवटचे सत्र दुपारी चारला सुरू होते आहे. मी वही आणि जाड पेन पिशवीत घातले आहे, कारण काल मध्यंतरात त्यांनी मला दोनदा रागाचे नाव विचारले होते आणि दुसऱ्या वेळी मी सांगितलेले त्यांना नीट ऐकू गेले नव्हते.